जखमी मित्राच्या गावी चाळीस गाड्यांची रॅली न्यायची का?

पत्राचा सारांश: पुण्यातल्या एका हौशी बाइक ग्रुपचे सदस्य लिहितात, "तीन आठवड्यांपूर्वी ताम्हिणी घाटात आमचा एक मित्र पडला. वळणावर समोरून आमच्या बाजूला आलेल्या टेम्पोला चुकवताना तो कडेच्या खडीवर घसरला. टेम्पो थांबला नाही. मांडीचं हाड मोडलं, पेल्विसलाही (कमरेखालच्या हाडांच्या कड्याला) फ्रॅक्चर आहे. ऑपरेशन झालं, चार-पाच दिवसांत घरी सोडतील. तो चाकणला नोकरी करतो, आई-वडील पाटण तालुक्यात असतात, तिकडेच त्याला नेणार आहेत. ग्रुपने १ लाख ८५ हजार रुपये जमवले, ते माझ्या खात्यात आहेत. पुढच्या महिन्यात आम्ही चाळीस जण टी-शर्ट आणि बॅनर करून त्याच्या गावी रॅलीने जाणार होतो. त्याच्या थोरल्या भावाने 'आत्ता घोळका नको' असं कळवलं आणि ग्रुपमध्ये निम्मे जण दुखावले. त्या दिवशी लीड, म्हणजे सगळ्यांच्या पुढे, मी होतो. पोलिसांची भानगड नको म्हणून आम्ही हॉस्पिटलमध्ये 'गाडी आपोआप घसरली' असं सांगितलं. गाडी पुण्यात मेकॅनिककडे आणली आहे. एकाच्या हेल्मेट कॅमेऱ्यात सगळं आलंय, त्याने त्याची रीलही टाकली. भावाला समजावून रॅली काढावी की रद्द करावी?"

तुम्ही विचारलंय रॅलीबद्दल. पण पत्रात चार गोष्टी रॅलीपेक्षा तातडीच्या आहेत, आणि त्यांतल्या दोन तर आजच करायच्या आहेत. म्हणून आधी त्या.

पहिला फोन मेकॅनिकला करा. गाडीचं काम जिथे असेल तिथे थांबवायला सांगा. वाकलेलं हँडल, घासलेला क्रॅश गार्ड, तुटलेला फूटपेग, फुटलेले इंडिकेटर, सगळं तसंच राहू द्या. काढलेले भाग असतील तर ते एका पोत्यात भरून गाडीसोबत ठेवा, भंगारात जाऊ देऊ नका. गाडी कुठल्या बाजूला पडली, किती घसटली, ब्रेक चालू होते का, हे त्या खुणांवरून कळतं. पोलिसांत नोंद झाली की आरटीओचे मोटार वाहन निरीक्षक गाडी तपासतात. शिवाय मित्राचा विमा फक्त थर्ड पार्टी नसून सर्वसमावेशक असेल, तर कंपनीचा सर्व्हेअर येईपर्यंत गाडी उघडायचीच नसते. आधी उघडली की 'हे नुकसान अपघाताचंच कशावरून?' हा प्रश्न हमखास येतो. आत्ता आहे त्या अवस्थेत चारही बाजूंनी, नंबर प्लेट आणि चॅसिस नंबर दिसेल असे फोटो काढा. बॅटरीची निगेटिव्ह वायर काढून ठेवायला हरकत नाही. त्यापलीकडे हात लावू नका.

दुसरा फोन कॅमेरावाल्या मित्राला. रील आजच हटवायला सांगा. मूळ मेमरी कार्ड कॅमेऱ्यातून काढून पाकिटात ठेवा, वर तारीख आणि त्याचं नाव लिहा, आणि त्या कार्डावर पुन्हा काहीही रेकॉर्ड करू नका. हे कॅमेरे कार्ड भरलं की बरेचदा जुन्यावरच नवीन चढवतात, आणि ते तुमच्या लक्षातही येत नाही. एक प्रत संगणकावर काढा, कापाकापी न करता, आवाजासकट. कोर्टात असं चित्रण दाखल करताना भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे प्रमाणपत्र लागतं, आणि संगीत लावलेली, वेग बदललेली रील तिथे कामाची नाही. मग मूळ चित्रण सावकाश, एकेक फ्रेम थांबवून बघा. टेम्पोचा नंबर, निदान त्याचे शेवटचे दोन आकडे, मागच्या फळीवरचं नाव, ताडपत्रीचा रंग, काहीतरी सापडतं. याचं महत्त्व पुढे सांगतो.

आता तुम्ही हॉस्पिटलमध्ये जे सांगितलंत त्याविषयी. घाबरून केलंत हे समजतं. पण या वाक्याने तुम्ही वाचलात असं जे तुम्हाला वाटतंय ते तपासून बघा. नोंदणीच्या वेळी डॉक्टर अपघाताची हकीकत केस पेपरवर लिहितात आणि रस्ता अपघात असेल तर एमएलसी (पोलीस प्रकरण म्हणून नोंद) करून पोलिसांना कळवतात. 'आपोआप घसरला' असं लिहिलं गेलं की टेम्पो कागदावरून गायब होतो. मग मित्राच्या हातात काय उरतं बघा. त्याची स्वतःची थर्ड पार्टी पॉलिसी त्याला स्वतःला काही देत नाही, ती समोरच्यासाठी असते. मालक-चालकासाठीचं सक्तीचं १५ लाखांचं अपघात संरक्षण असतं, पण ते मृत्यू आणि ठरावीक कायमच्या अपंगत्वासाठी. मांडीत रॉड टाकला म्हणून त्यातून हॉस्पिटलचं बिल मिळत नाही. एरवी मिळू शकणारी खरी भरपाई टेम्पोच्या विम्यातून येते, आणि ती वाट तुमच्या एका वाक्याने अडली आहे.

प्रत्यक्ष धडक झाली नाही म्हणून दावा होत नाही असंही नाही. टेम्पोच्या चुकीमुळे अपघात झाला हे दाखवता आलं पाहिजे. तुमच्या मित्राचाही वेग जास्त होता असं चित्रणात दिसलं, तर भरपाई त्या प्रमाणात कमी होते, शून्य होत नाही. म्हणून चित्रणातला अडचणीचा भाग लपवायचा मोह टाळा.

तर फिर्याद द्या. आता, या आठवड्यात. ताम्हिणी घाट अर्धा पुणे जिल्ह्यात आणि अर्धा रायगडमध्ये येतो, त्यामुळे जागा नेमकी कुठल्या ठाण्याच्या हद्दीत यावरून टोलवाटोलवी होऊ शकते. घाटातला किलोमीटरचा दगड किंवा फोनवरचं लोकेशन काढून ठेवा. हद्दीचा वाद घातला गेला तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ प्रमाणे कुठल्याही ठाण्यात झिरो एफआयआर नोंदवता येते. फिर्याद शक्यतो जखमीने स्वतः द्यावी. तो शुद्धीवर आहे, तर पोलीस हॉस्पिटलमध्ये येऊन जबाब घेऊ शकतात. म्हणून डिस्चार्जच्या आधी हे उरकलं तर पाटणहून पुण्याला किंवा रायगडमधल्या माणगावला खेटे पडणार नाहीत. तीन आठवडे उशीर का झाला हे फिर्यादीत सरळ लिहा: ऑपरेशन, घाबरलेले मित्र. उशिरामुळे दावा आपोआप बाद होत नाही, ज्याचं कारण सांगितलं नाही असा उशीर मात्र नडतो. हॉस्पिटलमधली जुनी नोंद खोडा असं कोणालाही सांगू नका. खरी हकीकत लेखी अर्जाने द्या आणि पोच घ्या. आणि सगळ्यांनी बसून एकसारखा जबाब 'ठरवू' नका. ज्याने जे पाहिलं तेवढंच त्याने सांगायचं.

मोटार अपघात दावा प्राधिकरणाकडे अर्ज करण्यासाठी कायद्यात अपघातापासून ६ महिन्यांची मुदत घातली आहे. ती १ एप्रिल २०२२ पासून लागू आहे. तुमचे तीन आठवडे गेले. दावा अपघाताच्या जागीच लावावा लागतो असं नाही, जखमी राहतो किंवा नोकरी करतो तिथल्या प्राधिकरणाकडेही चालतो, त्यामुळे सातारा किंवा पुणे यांतलं सोयीचं ते निवडा. आणि टेम्पो सापडलाच नाही तर? तरीही पोलीस नोंद हवीच, कारण अज्ञात वाहनाच्या अपघातात गंभीर जखमीला ५० हजार रुपये मिळतात. त्याचा अर्ज अपघात झालेल्या तालुक्याच्या तहसीलदार किंवा प्रांत कार्यालयात करायचा असतो. रक्कम लहान आहे, पण चार महिने पगार नसलेल्या घरात ती लहान नसते.

लीड म्हणून तुम्हाला वाटणारी भीती. पैसे न घेता, मित्र मिळून निघालेल्या राइडमध्ये केवळ पुढे गाडी चालवत होतात म्हणून मागच्याच्या अपघाताचा गुन्हा तुमच्यावर येत नाही. पैसे घेऊन सहल नेली असेल, शर्यत लावली असेल, तर गोष्ट वेगळी, तसं असेल तर फिर्यादीआधी वकिलाला भेटा. जखमीला उचलून हॉस्पिटलात नेणाऱ्याला तर मोटार वाहन कायद्याच्या कलम १३४अ मध्ये स्पष्ट संरक्षण आहे. २०१९ च्या दुरुस्तीने ते आलं, आणि त्याआधी २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तेच सांगितलं होतं. इतर वाचकांनीही हे ध्यानात ठेवावं: अपघातानंतर पहिल्या तासात 'पोलीस केस नको' म्हणणारा मित्र असतोच. मे २०२५ पासून लागू झालेल्या केंद्राच्या योजनेत रस्ता अपघातातल्या जखमीला ठरलेल्या रुग्णालयांत अपघातापासून ७ दिवसांपर्यंत दीड लाख रुपयांपर्यंतचे उपचार रोख न भरता मिळतात. तीसुद्धा पोलिसांना कळवण्याशी जोडलेली आहे. तुमच्या मित्राच्या बाबतीत ते सात दिवस निघून गेले.

पैशाचं बोलू. १ लाख ८५ हजार एका माणसाच्या खात्यात आहेत, आणि तो माणूस लीडही होता. तुमच्या हेतूवर कोणाला शंका नसेल, पण दोन महिन्यांनी कोणीतरी 'हिशेब काय झाला' विचारणारच. आज खात्याचा उतारा काढून ग्रुपवर टाका, ही रक्कम बाकी पैशांत मिसळू देऊ नका, आणि खर्च करताना दुसऱ्या एकाची लेखी संमती घ्यायची पद्धत लावा. मित्राच्या खात्यात सगळी रक्कम एकदम टाकू नका. नातेवाईक नसलेल्यांकडून वर्षभरात मिळालेल्या देणग्या ५० हजारांवर गेल्या की ती पूर्ण रक्कम त्याच्या करपात्र उत्पन्नात धरली जाऊ शकते. एखाद्या सीएला दहा मिनिटं विचारा. हॉस्पिटलचं बिल भरायचं तर हॉस्पिटलच्याच खात्यात भरा, पावती रुग्णाच्या नावाने घ्या. रोखीने २ लाख किंवा त्याहून जास्त रक्कम हॉस्पिटल घेऊ शकत नाही, त्यामुळे पिशवीत नोटा घेऊन जायचा बेत असेल तर सोडा.

पण बिल भरण्याआधी बघा, ते भरायची गरज आहे का. त्याच्या पगाराच्या चिठ्ठीवर ईएसआयसीची (कर्मचारी राज्य विमा) कपात दिसते का विचारा. दिसत असेल तर पुढचे उपचार तिकडे होऊ शकतात, आणि कामावर जाता येत नाही त्या काळासाठी वर्षाला ९१ दिवसांपर्यंत सरासरी पगाराच्या ७० टक्के आजारपणाचा लाभ मिळतो. हा अपघात सुट्टीच्या दिवशी झाला म्हणून तो नाकारला जात नाही. ईएसआयसी नसेल तर कंपनीची ग्रुप मेडिक्लेम असेल. त्यात चूक कोणाची हा प्रश्न नसतो, पण कळवायची मुदत थोडी असते, बहुधा उलटूनही गेली असेल, तरी कळवाच आणि कारण लिहा. महात्मा फुले जनआरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंतचं संरक्षण आहे. हॉस्पिटल त्या यादीत असेल तर तिथल्या आरोग्यमित्राकडे (योजनेच्या मदतनिसाकडे) रेशनकार्ड आणि आधार घेऊन जा. हॉस्पिटल धर्मादाय असेल तर १० टक्के खाटा निर्धन आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी राखीव असतात, त्यासाठी तिथल्या समाजसेवकाला तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला दाखवावा लागतो. हे सगळं डिस्चार्जच्या आधीच करावं लागतं. अंतिम बिल निघालं की सवलतीचं दार जवळपास बंद होतं. मूळ बिलं विमा कंपनी ठेवून घेते, म्हणून प्रत्येक कागदाची छायाप्रत काढा: औषधं, गाडीभाडं, भाड्याची खाट, मदतनीस. दाव्यात हे सगळं मागता येतं, पावती असेल तरच.

आता रॅली. थोरला भाऊ 'आत्ता घोळका नको' म्हणाला, त्यात तुम्हाला अपमान दिसला. पाटणच्या त्या घरात पुढच्या महिन्यात काय चाललेलं असेल याचं चित्र मी सांगतो, मग तुम्हीच ठरवा.

पेल्विसच्या फ्रॅक्चरला अनेकदा ६ ते १२ आठवडे पायावर वजन टाकू देत नाहीत. नक्की किती ते सर्जन सांगतील. तोवर संडास-लघवी खाटेवर किंवा कमोड खुर्चीवर. पाठीला आणि टाचांना जखमा होऊ नयेत म्हणून दर दोन तासांनी कूस बदलायची किंवा अंग उचलायचं, रात्रीही. पेल्विसमुळे कुठल्या कुशीवर वळवायचं तेही डॉक्टरांना विचारावं लागतं. मांडीत रॉड असला की गुडघा आखडतो, तो वाकवण्याचे व्यायाम रोज, आणि ते दुखतात. पोटरी सुजून दुखायला लागली किंवा अचानक दम लागला तर रक्ताची गुठळी असू शकते, तेव्हा फोन डॉक्टरला नाही, थेट १०८ ला. हे सगळं करणारी आई आणि एक भाऊ. अशा घरात चाळीस माणसं आली की आई चुलीपाशी जाते. ती 'चहा तरी घ्या' म्हणणारच. तरुण मुलगा लुंगीत, पलंगाखाली युरिन पॉट, आणि दारात बॅनर. त्याच्या जागी तुम्ही असता तर काय हवं असतं?

रॅलीने कोणाला बरं वाटणार आहे, हेही स्वतःला विचारा. लीड असल्याचं ओझं तुमच्या पत्रात ओळीओळीत आहे. ते खरं आहे, आणि ते हलकं करायची तुमची धडपड चांगल्या मनाची आहे. फक्त ते त्याच्या अंगणात उतरवू नका. त्याला एकट्याने भेटा, किंवा फोनवर सांगा की मला वाईट वाटतंय. त्याला उत्तर द्यायला लावू नका.

खर्चाचाही विचार करा. पुण्याहून पाटण भागात जाऊन-येऊन सव्वातीनशे किलोमीटर धरा. गाडी लिटरला ३५ देत असेल तर एका गाडीला सव्वानऊ लिटरच्या आसपास, चाळीस गाड्यांना जवळपास पावणेचारशे लिटर. त्यात टी-शर्ट आणि बॅनर मिळवा. एवढ्या पैशात वर-खाली होणारी खाट, एअर मॅट्रेस, कमोड खुर्ची आणि वॉकर असं सगळं तीन महिने भाड्याने आणून, वर घरी येणाऱ्या फिजिओथेरपिस्टच्या बऱ्याच फेऱ्यांचे पैसे सुटतील. खाट कराडला भाड्याने मिळते का ते आत्ताच बघा. डिस्चार्जच्या दिवशी ती घरी लावलेली असली पाहिजे, नंतर नव्हे. घराचा दरवाजा किती रुंद आहे तेही मोजून घ्या, कमोड खुर्ची संडासात जात नाही हे घरी पोचल्यावर कळतं.

अशा अपघातात गर्दी पहिल्या दोन आठवड्यांत असते. रक्त द्यायलाही एकाच संध्याकाळी पंचवीस जण रांगेत उभे राहतात. मग पुढच्या ऑपरेशनला कोणी उरत नाही, कारण पुरुषाला पुन्हा रक्त द्यायला ९० दिवस आणि स्त्रीला १२० दिवस थांबावं लागतं. खरी ओढाताण दुसऱ्या महिन्यापासून सुरू होते, तेव्हा फोनही थांबलेले असतात. तुमचं चाळीस जणांचं बळ तिथे लावा. दर शनिवारी दोघं जण जातील, रात्री कूस बदलायची पाळी ते घेतील, भाऊ आणि आई सलग झोपतील. वीस जोड्या म्हणजे वीस शनिवार, प्रत्येकाच्या वाट्याला एक. जाण्याआधी भावाला फोन, डबा आपला घेऊन जायचा, गाडीचे सायलेन्सर गावाबाहेरच शांत, आणि तो झोपला असेल तर न भेटता परतायची तयारी. एक माणूस फक्त कागदांसाठी नेमा: पोलीस, विमा, कंपनीचा एचआर, वकील. एकाकडे कार असेल तर एक्स-रेच्या फेऱ्या त्याच्याकडे. कारमध्ये पुढची सीट पूर्ण मागे सरकवून आधी बसवायचं आणि मग दोन्ही पाय एकत्र आत घ्यायचे, पण बसायला परवानगी आहे का हे आधी विचारून.

भेटीला गेल्यावर 'किती स्पीड होता रे?' हा प्रश्न नको. अपघाताचं चित्रण त्याला दाखवू नका, त्याने मागितलं तरी पहिल्यांदा टाळा. 'लवकर उठ, लडाख वाट बघतंय' हेही नको. तो पुन्हा गाडीवर बसेल की नाही हे त्याचं त्याला ठरवू द्या, घरचे आत्ताच गाडी विकायला निघाले असतील तरी त्या वादात तुम्ही पडू नका. गाडी विकायची झालीच तर आरटीओ तपासणी आणि सर्व्हे होईपर्यंत थांबा, एवढंच सांगा. तपासणीसाठी पोलिसांनी ताब्यात घेतली तर सुपूर्तनाम्यावर (परत ताब्यात घेताना लिहून द्यायच्या हमीवर) सोडवून आणायला आरसी, विमा आणि मालकाचं अधिकारपत्र लागेल, ते कागदवाल्या मित्राने जमवून ठेवावं. पडताना डोक्यावर होतं ते हेल्मेट फेकू नका, पुरावा आहे. पुन्हा कोणी वापरूही नका, आतलं थर्माकोल एकदा दबलं की पुढच्या वेळी ते वाचवत नाही.

ज्यांना रॅलीच्या ठरलेल्या दिवशी काहीतरी करायचंच आहे, त्यांना घाटात पाठवा, पाच-सहा जणांनाच. वळणाचे आणि खडीचे फोटो काढायचे, किलोमीटरचा दगड फोटोत यायला हवा, आणि सार्वजनिक बांधकाम विभागाला खडी हटवण्याचा, बहिर्गोल आरसा लावण्याचा लेखी अर्ज पोच घेऊन द्यायचा. येताना वळणाच्या आसपास ज्या हॉटेलवर किंवा दुकानावर कॅमेरा असेल तिथे विचारायचं. चित्रण किती दिवसांनी पुसलं जातं ते ज्याच्या त्याच्या यंत्रावर असतं. तीन आठवड्यांनी आशा थोडी आहे, पण टेम्पो सापडण्याची ती एक शक्यता आहे.

आणि रॅलीचा प्रश्न उरतोच, तर तो मित्राला विचारा, भावामार्फत, आत्ता नाही. तो वॉकरवर चालू लागला, स्वतः अंगणात खुर्ची टाकून बसू लागला, की विचारा. तो 'या' म्हणाला तर किती जण हेही त्यालाच विचारा. गाड्या गावाच्या पारापाशी लावा, घरापर्यंत चालत जा, जेवण सोबत न्या, दोन तासांत निघा. भावाला आज इतकंच कळवा: "तुमचं म्हणणं बरोबर आहे, आम्ही गर्दी करणार नाही. खाट आणि कमोड खुर्ची डिस्चार्जच्या आधी घरी पोचवतो, दरवाजाचं माप कळवा. फिर्यादीबद्दल मला तुमच्याशी उद्या बोलायचंय, आमच्याकडून हॉस्पिटलमध्ये चुकीचं सांगितलं गेलंय."